राजा प्रसेनजिताची भूक आणि आपली

संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात दोणपाक नावाचे एक छोटेसे सुत्त आहे. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात जेवून, धापा टाकीत तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. मात्रा जाणून जेवणाऱ्याला त्रास कमी होतो, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करावयास सांगितली आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी शंभर कार्षापण देऊ केले. पुढे राजाचा आहार हळूहळू नालिकाभर भातावर आला व शरीर हलके झाले.

ही कथा आम्ही मुलांना नेहमी सांगतो. परंतु तिच्यातील एक गोष्ट बरीच वर्षे आमच्याही ध्यानात आली नव्हती. राजाने 'उद्यापासून कमी जेवीन' असा नुसता संकल्प केला नाही. ऐन ताटावर आठवण देणारा मनुष्य नेमला. स्वतःच्या निग्रहावर त्याने फार भरवसा ठेवला नाही, आणि आजचे मेंदूविज्ञान याबद्दल त्याला शहाणाच म्हणेल.

भूक पोटात लागते असे आपण म्हणतो. तिचा हिशेब मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागात होतो. जठर रिकामे झाले की त्यातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते व मेंदूला भुकेची वर्दी देते. जपानमधील संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधले. त्याआधी १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधले होते. ते चरबीच्या पेशींतून येते आणि साठा पुरेसा असल्याचे कळविते. मग लठ्ठ माणसाला भूक कमी लागावयास हवी! प्रत्यक्षात त्याच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याची दाद घेईनासा होतो. उलट वजन उतरू लागताच लेप्टिन घटते आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो. भूक वाढवितो, शरीराचा खर्च आखडतो. काही आठवडे कडक पथ्य पाळून पुन्हा पूर्वपदावर येणाऱ्याला आपण ढिला म्हणतो. तो आपल्याच मेंदूशी झगडत असतो.

यात डोपामिनची भर पडते. हे रसायन चवीच्या आनंदापेक्षा हव्यासाशी अधिक जोडलेले आहे. पुडीचा रंग दिसला, तळणाचा वास आला, की पोट भरलेले असतानाही हात पुढे जातो. आपल्या काष्टीच्या बाजारातून पोटभर जेवून फिरलेल्या कोणालाही हे सांगावयास नको. अमेरिकेतील केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातील तयार अन्न आणि दोन आठवडे साधे घरगुती धर्तीचे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. ताटात वाढलेली साखर, स्निग्धांश, मीठ व तंतू सारखेच ठेवले होते. तरीही तयार अन्नावर माणसे रोज सुमारे पाचशे कॅलरी अधिक खात होती, भरभर खात होती, आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढली.

आपल्या समाजासाठी हा विषय अधिक गंभीर आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीपूर्वीच्या दुष्काळी कामांवर खडी फोडून सुकडी व लाल मिलोवर दिवस काढलेली माणसे आजही आपल्या घराघरांत आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीचे काय होते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून तपासले. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. स्नायू व पोटातील अवयव लहान होते, त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. दिसावयास कृश, आतून मेदयुक्त असे हे शरीर पुढे मुबलक अन्नात वाढले की मधुमेहाला लवकर बळी पडते. म्हणूनच भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे जाणे धोक्याचे मानतात, वजनकाटा काहीही सांगो. मधुमेह हा खादाडांचा रोग, हा समज तर आपण सोडूनच द्यावा. लंडनमध्ये अर्धपोटी राहून शिकलेल्या बाबासाहेबांनाही उत्तरायुष्यात याच रोगाने ग्रासले होते.

घरी उपाशी राहिलेला पोरगा वसतिगृहात प्रथम आला की भराभर जेवतो, पोळी खिशात ठेवतो. त्यास हसणारी मुले असतात, आणि कधी आम्हीच हसलो आहोत. अंगाने भरलेल्या मुलीला तर नावे ठेवली जातात, मग ती सर्वांसमोर जेवत नाही व रात्री एकटी खाते. अशा लज्जेने भूक कमी होत नाही. मनावरचा ताण पुष्कळांच्या बाबतीत गोडधोडाची ओढ वाढवितो.

झोपेचेही तसेच. अपुऱ्या झोपेनंतर घ्रेलिन वाढून लेप्टिन घटल्याचे तरुणांवरील प्रयोगांत आढळले आहे. दहावीच्या मुलांनी रात्री एक वाजेपर्यंत जागावे असा आग्रह धरणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे.

पालकांना आमची विनंती आहे की, भेटीच्या दिवशी चकाकत्या पुड्यांऐवजी शेंगदाणे, फुटाणे, पेरू, बोरे आणावीत. माया कमी दिसेल ही भीती आम्हांस ठाऊक आहे. ज्यांनी स्वतः पोटभर पाहिले नाही त्यांना लेकराच्या हातात पुडी देताना काय वाटते, हेही ठाऊक आहे. पुडी आणलीच तर ती एकट्याची न ठेवता खोलीत वाटावी. भोजनगृहात आळीपाळीने वाढणाऱ्या मुलांना आम्ही एवढेच सांगितले आहे की, दुसऱ्यांदा वाढावयास थोडे थांबून यावे, मागणाऱ्यास नाही म्हणू नये, आणि कोणी किती पोळ्या घेतल्या हे मोठ्याने मोजू नये.