दप्तर : मुलांचे आणि गुरुजींचे

'दप्तर' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक पेशवे दप्तरातला, म्हणजे सरकारी कागदपत्रांचा. आणि दुसरा शाळकरी मुलाच्या पाठीवरचा. या दुसऱ्या दप्तराच्या ओझ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून ते जड असू नये असा शासनाचा २०१५ सालचा दंडकही आहे. पहिल्या दप्तराला मात्र असा काही दंडक नाही. ते शाळेत गुरुजींच्या टेबलावर असते, आणि त्याविषयीच मला प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे.

माझे गाव भांडगाव, तालुका दौंड. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत आणि चौफुला यांच्या दरम्यान ते लागते. समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय शोधताना आमच्या सरांनी सुचविले की, लांब कशाला जातोस, गावाकडच्या शाळेत आठवडाभर नुसता बसून राहा आणि दिसेल ते लिही. त्याप्रमाणे गेल्या जानेवारीत भांडगाव परिसरातील एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत मी सहा दिवस बसलो. शाळेचे नाव मुद्दामच देत नाही. माझ्या लेखाचा खुलासा लिहिण्याचे आणखी एक काम तेथील बाईंवर पडावे, हे काही बरे नव्हे.

पहिला दिवस सोमवार होता. मुख्याध्यापक गुरुजी केंद्राच्या सभेला गेलेले, त्यामुळे चारही वर्ग बाईंकडे. पहिली-दुसरीला पाट्यांवर अक्षरे गिरवायला लावून, चौथीला धडा वाचायला सांगून त्यांनी तिसरीच्या मुलांसाठी फळ्यावर हातच्याची वजाबाकी घातली : ५०२ वजा १८७. गणित साधे दिसते, पण ते तसे नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारी मागायला जावे तर शेजारी शून्य. एका मुलीने नेमके तेच विचारले, "बाई, शून्याकडे काहीच नाही, मग मागायचे कोणाकडे?" प्रश्न उत्तम होता. बाईंचा चेहराही खुलला. तेवढ्यात मोबाइल वाजला. मुलींची प्रवर्गवार संख्या आणि आधार नोंद जुळलेल्यांची संख्या विहित तक्त्यात बारापर्यंत पाठवावी, असा निरोप होता. बाईंनी खडू ठेवला आणि कपाट उघडले.

मी त्यांना विचारले, "बाई, ही माहिती तर तुम्ही आधीच भरली असेल ना?"

"तीनदा," त्या म्हणाल्या. "सरलला आहे, यू-डायसला आहे, आणि मागच्या महिन्यात कागदावरही दिली आहे. पण तक्ता नवा आहे रे."

माझ्या सहा दिवसांच्या निरीक्षणाचे सार या एका वाक्यात आहे. 'सरल' ही संगणकीय प्रणाली महाराष्ट्रात २०१५ साली आली, तीच मुळी शाळांकडून वारंवार माहिती मागवावी लागू नये म्हणून. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती एकदा भरावी आणि ज्याला हवी त्याने तेथून घ्यावी, ही कल्पना चांगलीच होती. प्रत्यक्षात काय झाले? जुने कागद राहिले आणि त्यांवर पडद्यावरचे रकाने वाढले. शिवाय हे काम टाळताही येत नाही. अलीकडच्या वर्षांत संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळावेत हे ठरविताना, आधार जुळलेलेच विद्यार्थी मोजण्याचे धोरण आले. दोन मुलांच्या नावांतील एखादा काना चुकला तर उद्या शिक्षकाचे पद जाईल, ही भीती असल्यावर कोणती बाई आधी वजाबाकी शिकवील?

पोषण आहाराचे उदाहरण घेऊ. १९९५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा मुलांना कोरडा तांदूळ घरी मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न शाळेतच देणे बंधनकारक झाले. आमच्या भागात शेतमजुरांची मुले पुष्कळ. त्यांच्यासाठी ही खिचडी काय आहे हे मी पंगतीत बसून पाहिले आहे, तेव्हा योजनेविषयी माझी तक्रार नाही. पण हिशेब पाहा. प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ. आज ३७ हजर, म्हणजे ३ किलो ७०० ग्रॅम. ते साठा नोंदवहीतून वजा करायचे, डाळ, तेल, मीठ-मसाला यांचे तसेच, मग चव नोंदवहीत चवीची नोंद, मग मोबाइलवर लाभार्थी संख्या, महिनाअखेरीस प्रपत्र. शिल्लक जुळली नाही तर जबाबदार मुख्याध्यापक. त्या सोमवारी शाळेत एक वजाबाकी पूर्ण झाली, ती तांदळाची.

याच हिशेबात बीड जिल्ह्यातून आलेला एक मुलगा अडकलेला मला दिसला. ऊसतोडणीच्या हंगामात आमच्याकडे फडांच्या कडेला कोप्या पडतात. हा मुलगा बहिणीबरोबर शाळेत येऊन दुसरीच्या रांगेत बसे. त्याचे नाव मूळ गावच्या शाळेच्या पटावर. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. ते दाखविले की दुसऱ्या शाळेने मुलाला बसवून घ्यावे. पण त्याच्या आईवडिलांनी पत्रक आणलेले नव्हते. बाईंनी त्याला तरीही बसवून घेतले, वही दिली, जेवू घातले. "पण याचा भात कोणत्या रकान्यात लिहू?" असे त्यांनी मला विचारले, तेव्हा मला हसू आले आणि लगेच त्याची लाजही वाटली. मूल समोर बसलेले आहे, पण कागदावर ते शंभर-दीडशे किलोमीटर दूर आहे.

आता कायद्याकडे वळू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येत नाहीत. मतदारयाद्यांचे काम सुट्टीच्या व बिगर-अध्यापनाच्या दिवशीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००७ साली सांगितले. तरी निरक्षरांचे सर्वेक्षण आले, जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरले, आणि 'आम्हाला शिकवू द्या' अशी घोषणा देत राज्यभरचे शिक्षक मोर्चे काढू लागले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णयही काढला.

तथापि माझ्या मते या वादात एक गोष्ट निसटते. निवडणूक किंवा जनगणना हे काम डोळ्यांना दिसते, म्हणून त्यावर आपण बोलतो. ते काही वर्षांनी येते आणि संपते. रोजचे तक्ते, प्रपत्रे, छायाचित्रे, अहवाल हे मात्र 'शैक्षणिक' सदरात मोडतात, आणि कलम २७ त्यांना अडवीत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० साली आले, तेव्हा प्रत्येक मुलाकडे नीट पाहून त्याच्याविषयी दोन शब्द लिहावेत हा हेतू होता. आज तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका मिळतात आणि 'उपक्रमात उत्साहाने भाग घेतो' हे वाक्य वर्गातील निम्म्या मुलांच्या नावापुढे उतरते. पाहण्यासाठी काढलेली नोंद अशी न पाहताच भरली जाते.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. रोज केवळ एक तास तक्त्यांत गेला असे धरले, तरी वर्षाचे २०० तास होतात, म्हणजे चौथा हिस्सा. आणि ज्या प्राथमिक शाळेला ना कारकून ना शिपाई, तेथे एक तास हा कमीच धरलेला आहे.

हा मजकूर मी सरांना दाखविला तेव्हा त्यांनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, गावात शिकलेला माणूस शिक्षकच, त्याने चार कामे केली तर बिघडले कोठे? महात्मा फुले यांनीही १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात शिक्षकांना गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल किंवा स्टॅम्पविक्री अशी कामे द्यावीत असे सुचविले होते. हे खरे आहे. पण त्याच निवेदनात शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये, आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये वेतन मिळावे असेही फुल्यांनी मागितले होते. गावकीत शिक्षकाचे वजन वाढावे, हा त्यांचा हेतू. आजच्या तक्त्यांनी बाईंचे वजन वाडीवर तसूभरही वाढलेले मला दिसले नाही. पालक येऊन विचारतात, "मॅडम सारख्या मोबाइलमध्येच का असतात?"

सरांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता : कागदच नको असे म्हणशील काय? तसे मी म्हणणार नाही. त्याच कपाटात शाळेचे जनरल रजिस्टर आहे. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल केल्याची आणि सोडल्याची तारीख एकदाच लिहिली जाते आणि आयुष्यभर उपयोगी पडते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावच्या शाळांची जुनी, काही तर मोडी लिपीतील, रजिस्टरे बाहेर काढावी लागली. तो कागद मुलासाठी लिहिलेला होता, म्हणून तो टिकला. बारापर्यंत मागविलेला तक्ता पुढच्या महिन्यात मागविणाऱ्यालाच सापडत नाही, म्हणून तो पुन्हा मागविला जातो. माझी सूचना एवढीच की, प्रत्येक केंद्रात केंद्रप्रमुखाच्या हाताखाली एक कारकून द्यावा, आणि जी माहिती सरल किंवा यू-डायसमध्ये आहे ती शाळेकडे पुन्हा मागू नये. खर्चाचा प्रश्न निघेल. पण आज हा खर्च तिसरीतली मुले भरीत आहेत.

शनिवारी सकाळची शाळा होती. ५०२ वजा १८७ आठवडाभरात दोनदा फळ्यावर आले आणि दोनदा अर्धे राहिले. बाई मासिक प्रपत्र भरीत होत्या, म्हणून त्यांच्या परवानगीने मी खडू घेतला. शंभराची नोट दुकानात नेली, तिच्या दहाच्या दहा नोटा आणल्या, त्यांतली एक मोडून रुपयाची दहा नाणी केली, असे सांगत सांगत गेलो. नऊ मुले, चाळीस मिनिटे. सात जणांना ३१५ आले.

"माझे प्रपत्र गेले एकदाचे," बाई म्हणाल्या. "तुझे गणित?"

"दोघांचे राहिले, बाई. त्यात ती सोमवारी विचारणारी मुलगीही आहे."

"सोमवारी बघते तिचे." मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहून म्हणाल्या, "नाही, सोमवारी गुरुजी सभेला आहेत. मंगळवारी घेते."