नर्सरीतलं नाव, नाल्यातलं नाव

चॅपलच्या मागच्या बागेतलं छोटं तळं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. सिमेंटचा काठ, लांबी फार तर बारा फूट. दोन वर्षांपूर्वी त्याची जी दशा झाली ती माझ्यामुळे झाली, म्हणून हा लेख मीच लिहायला हवा.

जूनमध्ये एका नर्सरीत टबात तरंगणारं रोप दिसलं. सहा पाकळ्यांचं फिकं जांभळं फूल, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. विकणाऱ्याने नाव सांगितलं, 'वॉटर हायसिंथ'. मी तीन रोपं घेतली आणि तळ्यात सोडली. गणपतीच्या सुट्टीनंतर येऊन बघते तर पाणी दिसतच नव्हतं! माळीमामा हसायला लागले. "अगं, हे केंदाळ की! हे कोण पैसे देऊन आणतंय?"

केंदाळ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बळ्ळारी नाल्यात माजतं ते केंदाळ. पुस्तकी मराठीत जलपर्णी. पण तेच माझ्या टबात असेल असं मनातसुद्धा आलं नाही. नाव बदललं आणि मी वनस्पती ओळखू शकले नाही. आपण भाषेचे विद्यार्थी, तेव्हा याची लाज जरा जास्तच वाटली.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. शोभेची म्हणूनच ती जगभर फिरली. बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि तिथले खाल-बिल तिने असे भरून टाकले की 1936 साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. तिथे तिचं नाव कचुरीपाना. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत लोक तिला 'जर्मन पाना'ही म्हणत. केरळात साल्विनिया नावाचं दुसरं तरंगतं तण आहे. मूळ ब्राझीलचं, पण लोकांनी नाव ठेवलं 'आफ्रिकन पायल'. नको असलेल्या पाहुण्याचं गाव आपण आपल्या सोयीने ठरवतो, दुसरं काय!

तिचा देठ कापून बघा. आत स्पंजासारखी पोकळी असते, त्यात हवा, म्हणून ती तरंगते. बुडापासून आडवा धुमारा निघतो, त्याच्या टोकाला नवं रोप. ऊन आणि सांडपाण्याचं खत मिळालं की साधारण दोन आठवड्यांत संख्या दुप्पट. माझ्या तीन रोपांचा हिशेब मांडला: बारा आठवड्यांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे 192. पानांचं छत झालं की खाली उजेड जात नाही, कुजणारी पानं पाण्यातला प्राणवायू खातात. आमचे लाल मासे फटीफटीतून तोंड वर काढून धापा टाकत होते. कमळ किंवा कुमुदिनी चिखलात मूळ धरून राहते; हिला तसा मुक्काम नाही, पाणी नेईल तिकडे जाते.

खरी चूक पुढेच झाली. आम्ही चौघींनी सगळं केंदाळ उपसलं, पोत्यात भरलं आणि मागच्या ओढ्यात ओतून दिलं. काम झालं म्हणून चहासुद्धा प्यालो. येळ्ळूरची माझी मैत्रीण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमचं तळं साफ झालं गं, आमच्या शिवाराचं काय? नाला तुंबला की पाणी भातात शिरतंय, आठ-आठ दिवस उतरत नाही. बाबांनी गेल्या वर्षी दोनदा रोप लावलं." मी काही बोलू शकले नाही. ओढ्यावर धावत गेलो तेव्हा दोन पोत्यांएवढंच हाती लागलं, बाकीचं वाहून गेलं होतं.

तुमच्या घरी हौद किंवा टब असेल तर एवढं करा. फूल येण्याआधी रोपं काढा. पाण्यापासून लांब, फरशीवर पसरून मुळांसकट कडकडीत वाळू द्या, मग खताच्या खड्ड्यात टाका. ओढ्यात, विहिरीत, गटारात नाही. नियोकेटिना नावाचे भुंगे हे तण खातात. 1980च्या दशकात ते भारतात आणून सोडले गेले. पण तो मोठ्या तलावांसाठीचा, वर्षानुवर्षं चालणारा उपाय. बागेतल्या तळ्याला दोन हात पुरतात.

फक्त एकदा काढून भागत नाही. फुलं येऊन गेली असतील तर बी गाळात बसतं आणि कित्येक वर्षं जिवंत राहतं. आमच्या तळ्यात आली होती. म्हणून आता दर शनिवारी मी आणि येळ्ळूरची मैत्रीण काठावर बसून नखाएवढी रोपं वेचतो. मागच्या शनिवारी सात निघाली.