पिवळ्या डोळ्यांवरचं नवं इंजेक्शन

परवा एका ताईंनी रिपोर्टांची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. शेजारी दारूने यकृत सुजलेला नवरा. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी, गळ्यात काविळीची माळ. ताईंनी मोबाइल पुढे केला, ‘‘डॉक्टर, थेट रेणूवर मारा करणारं इंजेक्शन निघालंय म्हणे. तेच द्या, पैशाचं बघू.’’

असं विचारणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. दारूने आतड्याचं अस्तर सैल पडतं. तिथल्या जंतूंचं विष यकृतात झिरपतं आणि यकृतातल्या पहारेकरी पेशी टीएनएफ नावाचं रसायन सोडतात. सूज भडकते ती त्यातून. मग टीएनएफलाच रोखलं तर? संधिवातात ते जमलंही होतं. दारूने सुजलेल्या यकृतात मात्र टीएनएफ रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी जंतुसंसर्ग आणि मृत्यू वाढल्याने अर्ध्यावर थांबवावी लागली, असा अहवाल २००४ साली आला. २००८ सालच्या अहवालात तशाच इटानरसेप्टचं इंजेक्शन दिलेले रुग्ण सहा महिन्यांत जास्त दगावले. जे रसायन सूज आणतं, तेच जंतूंशी लढतं आणि यकृताच्या नव्या पेशी उगवायलाही लागतं!

आता इतर रेणूंवर आणि आतड्यातल्या जंतूंवर प्रयोग चालू आहेत. आज हाताशी आहे ते जुनं स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, तेही निवडक गंभीर रुग्णांना. सातव्या दिवशी रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं माप, बघायचं, उतार नसेल तर बंद करायचं. ब्रिटनमधल्या ११०३ रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा काठावरचाच निघाला. ‘लिव्हर टॉनिक’बद्दल मी बोलत नाही, बिल तुम्हीच बघा.

दारू सोडवायच्या गोळ्यांचा हिशेब याहून बरा आहे. इटलीत सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कायमचं आखडलेल्या, रुग्णांना बॅक्लोफेन दिलं, निकाल २००७ साली आले. ४२ पैकी ३० जण दारूपासून लांब राहिले. खोटी गोळी घेणाऱ्या ४२ जणांत असे १२च. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, याने गुंगी येते. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली घरच्या घरी एकदम हिसकावू नका. हात थरथरतात, फिट येते, माणूस भ्रमात जातो. ते दिवस दवाखान्यात काढावेत.

ताईंना मी एक डाएट लिहून दिलं. डाळ, अंडी, दूध बंद करायचं नाही, मीठ कमी, झोपताना थोडं खाणं हवंच. अशा यकृताला रात्रभराचा उपास झेपत नाही.

‘‘आणि माळ?’’ त्यांनी विचारलं. राहू द्या म्हटलं. टेबलावरच्या रिपोर्टांत काविळीच्या औषधाची पुडी होती, ती तेवढी काढून घेतली.