शरीराची ठेव

कोल्हापूर शहराची ओळख करून देताना लोक अंबाबाईचे मंदिर, रंकाळा तलाव आणि पंचगंगेचा घाट यांच्याबरोबर चौथी एक गोष्ट हटकून सांगतात. ती म्हणजे येथील तालमी. छत्रपती शाहू महाराज (१८७४–१९२२) स्वतः कसलेले मल्ल होते. त्यांनी गुणी पैलवानांना आश्रय दिला, तालमींना उत्तेजन दिले आणि खासबागेचे विशाल कुस्ती-मैदान बांधविले. हे मैदान १९१२ मध्ये पुरे झाले.

या मल्लपरंपरेतील एक थोर नाव म्हणजे गणपतराव आंदळकर. पुनवत या सांगली जिल्ह्यातील खेड्यातून ते कोल्हापुरास आले आणि १९६० मध्ये हिंदकेसरी झाले. १९६२ मध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी एक सुवर्ण व एक रौप्य अशी दोन पदके मिळविली. कुस्त्यांचे दिवस संपले, तरी त्यांनी तालीम सोडली नाही. मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून राहून त्यांनी अनेक मल्ल घडविले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, २०१८ मध्ये, त्यांचे निधन झाले.

मल्लाची मैदान गाजविण्याची वर्षे थोडी. आयुष्य मात्र त्याहून कितीतरी दीर्घ असते. कुस्ती सुटताच जो मेहनत सोडतो आणि खुराक मात्र पूर्वीचाच ठेवतो, त्याचे पिळदार शरीर बघता बघता स्थूल होते. पूर्वी गाळलेला घाम पुढे जन्मभर पुरत नाही. शरीराची ठेव नित्य भर घातली तरच टिकते.

असे का होते? मनुष्याची हाडे सुमारे तिशीपर्यंत भरत जातात आणि पुढे त्यांची झीज सुरू होते. स्नायूही चाळिशीच्या सुमारास हळूहळू क्षीण होऊ लागतात. पायांतील बळ गेले की तोल जातो. वृद्ध माणूस पडतो आणि ठिसूळ झालेले हाड मोडते. आपल्या पायांनी देवळात जाणारे आजोबा मग पाणी पिण्यासाठीही दुसऱ्याच्या हाताकडे पाहू लागतात. व्यायामाने म्हातारपण टळत नाही, परंतु हे परावलंबन पुष्कळ लांबविता येते. ऐंशीच्या पुढील माणसांचे स्नायूदेखील योग्य व्यायामाने बळकट होतात, असे शास्त्रज्ञांना आढळून आले आहे.

व्यायामाचे महत्त्व सर्वांनाच पटते. कठीण असते ते सातत्य. ते कसे राखावे, हे तालमीकडून शिकावे. तेथे पहाटेची वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि जोडीदारही ठरलेले असतात. म्हणून ‘आज जावे की न जावे?’ हा प्रश्नच मनात उठत नाही. नवा मुलगा आला म्हणजे पहिल्याच दिवशी त्याच्याकडून कोणी पाचशे जोर काढून घेत नाही. आरंभी थोडे जोर, थोड्या बैठका. अंग सरावले म्हणजे संख्या वाढते. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी वस्ताद विचारपूस करतात आणि खंड तेथेच थांबतो.

हेच नियम लाल मातीत न उतरणाऱ्यांनाही लागू पडतात. रंकाळ्याच्या काठी सकाळी अनेक वयस्क स्त्रीपुरुष फेरफटका मारतात. त्यांचा सोबती वाट पाहत असतो, म्हणून आळस आला तरी पाऊल घराबाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे पासष्ट वर्षांपुढील माणसांनी आठवड्यातून निदान १५० मिनिटे झपझप चालण्यासारखा व्यायाम करावा. त्याबरोबरच स्नायूंना बळ देणारे व तोल सांभाळणारे व्यायामही करावेत. मुलामुलींसाठी मात्र रोज सरासरी ६० मिनिटांचे खेळ व व्यायाम सांगितले आहेत. कारण हाडांची ठेव भरण्याचा खरा काळ हाच होय.

थेंबे थेंबे तळे साचे, असे म्हणतात. आज घातलेल्या बाराव्या वर्षाच्या सूर्यनमस्कारांचा लाभ सत्तराव्या वर्षी ताठ चालताना मिळावयाचा असेल, तर मधली वर्षेही कोरडी जाता कामा नयेत.

स्वाध्याय

१. कुस्ती सोडल्यावर काही मल्लांचे शरीर स्थूल का होते?
२. तालमीत व्यायामाचे सातत्य कोणत्या गोष्टींमुळे टिकते?
३. ‘शरीराची ठेव’ हे शीर्षक कसे योग्य आहे, ते सांगा.
४. घरातील वडीलधाऱ्या माणसांबरोबर एक महिना रोज ठरलेल्या वेळी फिरावयास जा व त्याची नोंद ठेवा.