रात्रीचा भात, सकाळची फोडणी

पातेल्यात भात उरलाय? छान, उद्या फोडणीचा भात! फक्त आधी एक लक्षात घ्या. तांदळात बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी ते सगळे मरतातच असं नाही. शिजलेला भात कोमट पडून राहिला की त्यांतून जीवाणू उगवतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष फोडणीच्या आचेनं जात नाही. म्हणून खरं काम रात्रीच उरकायचं.

हाताशी ठेवा: परात, उलथनं, दोन पसरट डबे.

रात्री

१. घड्याळ बघा. शिजल्यापासून शक्यतो तासाभरात, फार तर दोन तासांत भात फ्रिजमध्ये जायला हवा. मे महिन्याच्या उकाड्यात तासाची हद्द ओलांडू नका. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सरळ टाका. वास चांगला येतो म्हणून ठेवू नका, विषाला वास नसतो.

२. हात साबणानं धुवा. उष्ट्या हातानं किंवा उष्ट्या चमच्यानं भात काढू नका.

३. भात परातीत पसरा. थर बोटाच्या पेराएवढाच ठेवा. पातेल्यात ढीग राहिला, तर मधला भात तासन्‌तास कोमट राहतो.

४. दर चार-पाच मिनिटांनी उलथन्यानं हलक्या हातानं वर-खाली करा. दाबू नका, शितं मोडतील.

५. वाफ थांबली की भात पसरट डब्यांत भरा. अगदी थंडगार व्हायची वाट बघू नका. डबा काठोकाठ दाबूनही भरू नका.

६. झाकण लावून डबे फ्रिजमध्ये ठेवा. आतलं तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं. डबे एकमेकांना चिकटवून ठेवू नका, मधून गार हवा फिरू द्या.

सकाळी

७. लागेल तेवढाच भात बाहेर काढा. तो २४ तासांच्या आत संपवायचा. रात्री लाइट गेली होती? फ्रिज उघडला नसेल, तर साधारण चार तास चालतं. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर तो भात नको.

८. गुठळ्या हातानं मोकळ्या करा. गुठळी तशीच राहिली की आतून गार राहते.

९. कढईत फोडणी करा: तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता, कांदा. मोहरी तडतडल्याशिवाय पुढचं काही टाकू नका.

१०. भात घालून पाण्याचा हबका मारा. पाणी जास्त झालं तर लगदा होतो.

११. झाकण ठेवून वाफ आणा.

१२. झाकण काढून तळापासून परता. मधला घास चटका बसण्याइतका गरम झाला पाहिजे, म्हणजे ७५ अंशांच्या आसपास. कडेची वाफ बघून फसू नका.

१३. लगेच वाढा. आता उरलेला भात पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. दुसऱ्यांदा गरम करणं बंद.

तरीही पोट बिघडलं तर

१४. वेळ आठवा. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या, किंवा ६ ते १५ तासांत पोटात कळा आणि जुलाब, अशी या जीवाणूची दोन रूपं. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं.

१५. जलसंजीवनी घोट घोट प्या. पुडी नसेल, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. मीठ अंदाजानं वाढवू नका.

१६. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर डॉक्टरांकडे जा. लहान मूल, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई यांच्या बाबतीत वाट न बघता आधीच दाखवा, आणि भात किती वाजता शिजवला होता तेही सांगा.