जुन्या यंत्रांचे नवे अवयव

कोणतेही यंत्र सबंधच्या सबंध एकदम निकामी होत नाही. प्रथम एखादी पिन झिजते, एखादा बुश सैल होतो, एखाद्या नटाचे आटे जातात. आणि त्या लहानशा अवयवापायी शेकडो मणांचे यंत्र उभे राहते. यंत्र प्रचलित असेल तर तो भाग बाजारात विकत मिळतो. परंतु ज्या कारखान्याने ते घडविले तो कारखानाच बंद पडला असेल आणि त्याची रेखाचित्रेही हाती नसतील, तर तो भाग नव्याने घडविणे एवढाच मार्ग उरतो. हे काम कसे चालते, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

दिल्लीतील एक उदाहरण

'फेअरी क्वीन' हे वाफेचे इंजिन इंग्लंडातील लीड्स येथे किटसन, थॉम्पसन आणि ह्यूइटसन यांच्या कारखान्यात १८५५ साली तयार झाले आणि ईस्ट इंडियन रेल्वेच्या सेवेत दाखल झाले. १९०९ साली ते निवृत्त झाले. पुढे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्याला स्थान मिळाले आणि १९९७ साली ते पुन्हा रुळांवर धावू लागले. २०११ साली त्याचे काही भाग चोरीस गेल्याने चेन्नईतील पेरांबूर येथील रेल्वे कारखान्यात त्याची दुरुस्ती करावी लागली. २०१७ साली ते दिल्ली-रेवाडी मार्गावर परत आले. दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेल्या रेवाडी येथे १८९३ साली बांधलेली लोको शेड आहे. तेथे अशी जुनी इंजिने जतन केली जातात. चित्तरंजन येथील कारखान्यात वाफेच्या इंजिनांचे उत्पादन १९७२ साली थांबले. अशा इंजिनांचा एखादा भाग नाहीसा झाला, तर तो दुकानात मिळण्याची आशा नसते.

मूळ माप कसे शोधावे

जुना भाग मोजून हुबेहूब तसाच नवा करावा, हे प्रथमदर्शनी सोपे वाटते. पण तसे केल्यास त्याची झीजही हुबेहूब उतरते! भाग आज जसा आहे तसा आपणास नको असतो. पहिल्या दिवशी जसा होता तसा हवा असतो. म्हणून कुशल कारागीर प्रथम न झिजलेली जागा शोधतो. पिनेवर ज्या बाजूने भार येतो ती बाजू अधिक घासते. परंतु बुशाच्या बाहेर राहिलेले टोक बहुधा मूळ जाडीचेच असते. समजा, मध्यभागी ५०.४ मिलिमीटर आणि टोकाशी ५०.७८ मिलिमीटर व्यास भरला. जुनी ब्रिटिश यंत्रे इंचांच्या मापाने घडविलेली असत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. मूळ आराखड्यातील माप दोन इंच असले पाहिजे, हे यावरून उमगते.

आट्यांची फसवणूक

आट्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ब्रिटनमध्ये सुचविलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली अमेरिकेत मांडलेल्या आट्यांचा ६० अंशांचा. पाऊण इंची बोल्टावर दोन्ही पद्धतींत इंचाला १० च आटे येतात. त्यामुळे एका पद्धतीचा नट दुसऱ्या पद्धतीच्या बोल्टावर चढतो आणि नीट बसल्यासारखा भासतो. परंतु उतार न जुळल्यामुळे सर्व भार आट्यांच्या अरुंद पट्टीवर पडतो आणि हादऱ्यांनी सांधा ढिला होतो. म्हणून केवळ नट फिरला यावर विसंबू नये. आटे मोजण्याच्या गेजने कोनही तपासावा.

धातू आणि उष्णता

माप निश्चित झाले तरी धातूचा स्वभाव ध्यानी घ्यावा लागतो. ओतलेले बीड निवताना शेकडा सुमारे १, तर पोलाद शेकडा सुमारे २ इतके आकसते. यासाठी ओतशाळेतील लाकडी नमुना तेवढ्या प्रमाणात मोठा करतात. पोलादी पिनेभोवती बुश मात्र काशासारख्या मऊ धातूचा ठेवतात. घर्षणाने झीज होणारच. ती स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्या भागाची व्हावी, हा त्यातील हेतू होय.

लांबीच्या मापासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानले आहे. १ मीटर लांबीची पोलादी पट्टी दर अंशास सुमारे ०.०११५ मिलिमीटर वाढते. दिल्लीच्या उन्हाळ्यात ४५ अंशांवर ती सुमारे ०.२९ मिलिमीटर लांब भरेल. लेथवरून नुकताच उतरलेला तप्त भाग लगेच मोजणेही चुकीचे. निवल्यावर तो लहान ठरतो.

अखेरची परीक्षा

वाफेचा दाब सोसणाऱ्या भागाची परीक्षा प्रथम पाण्याने, नेहमीपेक्षा अधिक दाब देऊन करतात. पाणी दाबाखाली फारसे आकुंचन पावत नाही, म्हणून त्यात ऊर्जाही थोडीच साठते. भाग फुटलाच तर पाणी गळून दाब उतरतो. वाफेने मात्र स्फोट होऊन प्राणहानी होऊ शकते.

परीक्षेत उतरलेल्या भागावर वर्ष कोरावे, त्याचे रेखाचित्र करून ठेवावे आणि जुना भागही जपावा. पुढील पिढीच्या कारागिरास मग तर्काने शोध घ्यावा लागणार नाही.

करून पहा : दाराच्या जुन्या बिजागरीची खीळ काढून व्हर्नियर कॅलिपरने तिचा व्यास पाच ठिकाणी मोजा. प्रत्येक ठिकाणी खीळ थोडी फिरवून पुन्हा मोजा. झीज कोठे आणि कोणत्या बाजूस अधिक आहे? मूळ व्यास किती असावा?