आधी त्याला वाळू दे

अगं चिमे, आधी तो हेअर ड्रायर बंद कर. फोनवर तुझ्या आवाजामागे त्याची घरघर येत होती, तेव्हाच मला धस्स झालं. आणि तो बोर्ड गाडीत काच लावून उन्हात ठेवायचा विचार डोक्यात असेल तर तोही काढून टाक. फ्लोरिडाच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. तुझ्या बोर्डाला सध्या उष्णता नकोय, कोरडी हवा हवीय.

तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट बघितले. शेपटीकडची कड फुगलीय, वरचा पापुद्रा बोटभर सुटलाय आणि फिनच्या स्क्रूभोवती काळपट डाग आहेत. एवढ्यावर रडू नकोस. जुना लाकडी वेकस्केट आहे, तळ्यातून निघून ओल्या पिशवीत पडून राहिला, मग असं होणारच. ओरलँडोचं तळं गोडं आहे हे त्यातल्या त्यात बरं. इथे टॅम्पाच्या खाडीत भिजला असता तर आधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावं लागलं असतं. मीठ राहिलं की ते हवेतला ओलावा खेचत बसतं, लाकूड काही केल्या वाळत नाही.

आता घाई का करायची नाही ते ऐक, म्हणजे तुझा हात आपोआप आवरेल. भिजलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळीत मोकळं साठलेलं, दुसरं पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी पहिल्या काही दिवसांत भराभर निघून जातं. बोर्ड एकदम हलका लागतो, वरून हात फिरवला तर कोरडा वाटतो, आणि माणूस फसतं. त्या वेळी लाकूड आकसायला सुरुवातसुद्धा झालेली नसते. ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांखाली आला की भिंतींतलं पाणी निघू लागतं, आणि खरं आकसणं तिथून पुढे. तुझा बोर्ड मेपलचा आहे ना? हार्ड मेपल पूर्ण ओला असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने जवळजवळ 10 टक्के आकसतो, आणि लांबीत जवळपास काहीच नाही. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा. म्हणजे एक थर आकसू म्हणतो, शेजारचा त्याला धरून ठेवतो आणि सगळी ओढाताण मधल्या गोंदावर येते. बाहेरचा थर ड्रायरने तासाभरात वाळवलास आणि आतले ओलेच राहिले, तर गोंद तरी सुटणार नाही तर लाकूड तरी तडकणार.

म्हणून पहिलं काम, अंगावरचं सगळं उतरव. फिन काढ, स्क्रू एका डबीत ठेव. वरची ग्रिप टेपही काढ. जीवावर येईल, पण ती ठेवलीस तर त्या बाजूने पाणी बाहेर पडणार नाही, फक्त तळ वाळेल आणि बोर्ड वाकेल. टेप काढताना तो ड्रायर वापरलास तर चालेल, मंद आचेवर, हात सतत फिरता ठेवून आणि पापुद्रा सुटलाय तिथून लांब. कोपऱ्यापासून हळूहळू सोलत ये. मागे राहिलेला चिकटा अल्कोहोलने पुसून घे.

मग ठेवायचा कुठे? गॅरेजमध्ये मुळीच नको. तिथली हवा बाहेरच्याइतकीच दमट. तुझी एसीची खोली हीच खरी वाळवणीची खोली. खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकूड हळूहळू 9 टक्क्यांच्या जवळ येऊन थांबतं, आणि आपल्याला तेच हवंय. बोर्ड आडवा टाकू नकोस. कडेवर उभा कर, खाली दोन बारीक पट्ट्या, म्हणजे दोन्ही अंगांना सारखी हवा लागेल. पंखा खोलीत फिरता असू दे, पण थेट बोर्डावर रोखलेला नको. रोज कड बदल. आणि कुणी कितीही सांगितलं तरी वर पुस्तकांचा ढीग रचून तो 'सरळ' करू नकोस. नाकाशेपटीला वर उचललेला बाक आणि मधला खोलगटपणा हाच त्याचा आकार आहे. पाय बांधलेले नसताना तू त्याच्यावर टिकतेस त्यात त्या खोलगटपणाचाही वाटा आहे.

वाळला की नाही हे हाताला विचारू नकोस, काट्याला विचार. किचनच्या वजनकाट्यावर दर दोन-तीन दिवसांनी वजन कर, भिंतीवर कागद चिकटवून लिही. आकडा आठवडाभर हललाच नाही की समज झालं. याला आठवडे लागतात, दिवस नाही. ओलावा मोजायचं पिनांचं मीटर कुणाकडे मिळालं तर उत्तमच, 12 टक्क्यांच्या खाली यायला हवं, कारण ओल्या लाकडावर इपॉक्सी धड धरत नाही.

आणि हो, ती फुगलेली कड आत्ता घासून सपाट करायची नाही. आठवतंय, आषाढात आपल्या माजघराचं दार अडकायचं, बाबा रंधा मागायचे आणि सुतारकाका हात जोडायचे? पावसात दार तासलं की दिवाळीत फट. इथेही तेच, लाकूड आपलं आपण बरंचसं खाली बसेल. उरेल तेवढंच घासायचं.

वाळल्यावर तपासणी. एक नाणं घे आणि बोर्डभर हलकेच वाजवत जा. चांगल्या जागी टणटणीत आवाज येईल, थर सुटलेत तिथे बदबद. बदबदणाऱ्या जागेभोवती पेन्सिलीने रेघ ओढ. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक काळ्या डागांवर दाबून बघ. टोक सहज रुतलं तर लाकूड कुजलंय. रुतलं नाही तर तो नुसता लोखंडाचा डाग, दिसायला वाईट इतकंच. आणि दोन पायांच्या मध्ये आडवी चीर दिसली, तर बाई गं, तो बोर्ड भिंतीवर टांग. तुझ्या वजनाखाली तो मोडणार तिथेच, आणि मोडलेल्या मेपलची टोकं पोटरीत शिरलेली मला बघायची नाहीत. यावर माझ्याशी वाद घालायचा नाही.

तशी चीर नसेल तर दुरुस्ती अवघड नाही. पातळ इपॉक्सी, औषधाच्या दुकानातली सिरिंज. सुटलेला पापुद्रा चाकूच्या पात्याने जेमतेम उचल, आत मावेल तितकं इपॉक्सी सोड, दाबून बाहेर येईल ते पूस. वर-खाली बेकिंग पेपर, त्यावर छोटे छोटे लाकडी ठोकळे आणि मग क्लॅम्प. एकच लांब फळी दाबलीस तर बाक मरेल. क्लॅम्पही जीव खाऊन आवळू नकोस, सगळं इपॉक्सी बाहेर पळेल आणि सांधा उपाशी राहील.

खरी चोरवाट मात्र कडा आणि भोकं. रेषांच्या दिशेने लाकूड पाणी कितीतरी पटीने भराभर पितं, आणि कडेला व भोकात त्याच रेषांची तोंडं उघडी असतात. बोटी दुरुस्त करणारे करतात ते तूही कर. फिनची भोकं थोडी मोठी कर, जाडसर इपॉक्सीने भर, पक्कं झालं की त्याच्याच मधोमध पुन्हा योग्य मापाचं भोक पाड. आता स्क्रूला लाकूड लागतच नाही. हे टाळलंस तर बाकीची मेहनत एका उन्हाळ्यात पाण्यात जाईल.

सगळ्या कडांना इपॉक्सीचा हात देताना एक युक्ती सांगते. दुपारी खोलीचा एसी बंद ठेव, बोर्ड कोमट होऊ दे. लावायला घेशील तेव्हा एसी चालू कर. लाकूड गार होताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. उलटं झालं, गार लाकूड गरम खोलीत आलं, तर आतली हवा फुगून बाहेर येते आणि कडेला बुडबुड्यांची माळ. दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर आलाय का बघ. आला तर साध्या पाण्याने घासून धू, मगच पॉलिश पेपर. नाहीतर पेपर गच्च भरतो.

शेवटी व्हार्निश. इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुगा होतं, म्हणून त्यावर बोटीचं, ऊन अडवणारं व्हार्निश. पहिला हात पातळ, मग चार-पाच, मध्ये मध्ये 220 नंबरचा पेपर. ज्या चिंध्यांनी ते पुसशील त्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकू नकोस. तेलकट चिंध्या आतल्या आत तापून पेटतात. बाहेर पसरून वाळू दे. हातमोजे पहिल्या दिवसापासून घाल. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की सहसा जन्मभर पाठ सोडत नाही. घासताना मास्क. तुला शिंका सुरू झाल्या की थांबत नाहीत ते मला माहीत आहे.

मग आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. ग्रिप टेप लावायच्या दिवशी मी येते, ती एकटीने सरळ बसत नाही. आणि केबल पार्कमधल्या त्या लोखंडी रेल्सवर हा बोर्ड घासायचा नाही, त्यासाठी तिथले भाड्याचे फायबरचे घे. हा फक्त सपाट पाण्यावर, सकाळच्या पहिल्या फेरीत, आणि परतल्यावर पिशवीत न घालता उभा करून ठेवायचा.

आईने काल विचारलं, ही अभ्यास सोडून करतेय काय. मी सांगितलं, सुतारकाम शिकतेय. तेव्हा निदान एक फोटो हातात पॉलिश पेपर घेतलेला पाठव तिला, तळ्यातले नंतर बघू.